बाकावर बसण्याचे अकरा नियम

१२ नोव्हेंबर

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. पत्ता आईकडून घेतला. "लिही, पण भांडू नकोस," एवढंच ती म्हणाली. मी भांडायला लिहीत नाहीये. निदान तुझ्याशी तरी नाही. सात वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस आणि मीही नाही, तेव्हा तो विषय आपण बाजूला ठेवू.

माझा गुडघा गेला. पेपरात वाचलं असशील, नसशील तर सांगते. व्हॉलीबॉल लीगचा तिसरा सामना होता. ब्लॉकसाठी जाळ्याशी उडी मारली आणि खाली आले ती थेट पलीकडच्या मुलीच्या बुटावर. जाड कापड टरकावं तसा आवाज आला. ऑपरेशन झालं. आता मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा आहे, काखेत कुबड्या आहेत आणि डॉक्टर म्हणतात, आठ महिने. एकतिसाव्या वर्षी आठ महिने म्हणजे काय, ते तुला समजावून सांगायला नको.

पण मी रडगाणं गायला बसलेली नाही. मला राग आलाय, आणि तो ज्याला कळेल असं माणूस तुझ्याशिवाय दुसरं मला माहीत नाही.

काल क्लबच्या मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. तो तुझ्यानंतर आला, तुला ठाऊक नसेल. आत्ताच आंघोळ करून आल्यासारखे चापून बसवलेले केस, आणि मनात काहीही असो, आवाजात साखर. त्याने माझ्यापुढे एक कागद सरकवला. वर ठळक अक्षरांत 'जायबंदी खेळाडूचे मैदानाबाहेरील वर्तन' आणि खाली अकरा नियम. प्रत्येक सामन्याला हजर राहायचं. संघाचं जाकीट घालायचं, चेन गळ्यापर्यंत. आपल्या प्रत्येक गुणाला टाळ्या वाजवायच्या. गुण गेला तर चेहरा पाडायचा नाही. फोन बघायचा नाही, जांभई द्यायची नाही. चालू खेळाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, कारण 'त्यामुळे संघात दोन आवाज निर्माण होतात'. आणि नववा नियम मी जसाच्या तसा उतरवते: कॅमेरा आपल्याकडे वळल्यास मनापासून हसावे.

"मनापासून कसं हसायचं असतं?" मी विचारलं.

"थोडे दात दिसू द्या, मॅडम," तो म्हणाला. अगदी गंभीरपणे.

मी म्हटलं, मी घरी पाय वर करून टीव्हीवर सामना बघते, दातही दिसणार नाहीत आणि जांभईही. तर म्हणाला, "लोक अजून तुमच्यासाठीच येतात. तुम्ही दिसायला हव्यात."

म्हणजे मी खेळाडू नाही, दुकानाबाहेर उभा केलेला पुतळा आहे. सात वर्षं ह्या संघाच्या प्रत्येक स्मॅशच्या आधीचा चेंडू माझ्या बोटांतून गेला. सेटरचं नाव कुणी घेत नाही, तिने उचलून दिलेल्या चेंडूवर दुसरी कुणीतरी फोटो काढून घेते, हेही मी मुकाट्याने सोसलं. आणि आता मला दात दाखवायला शिकवतात.

सही केली. का केली, विचारू नकोस.

तुझी धाकटी


२८ नोव्हेंबर

ताई,

उत्तराची वाट बघत नव्हतेच, त्यामुळे ते आलं नाही ह्याचं काही वाटलं नाही.

तीन सामने बाकावर बसून झाले. बाक लाकडी आहे, पाठ टेकायला काही नाही, आणि ऑपरेशन झालेला पाय समोर लांब करून बसावं लागतं, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला अडखळतो आणि मलाच "सॉरी हं, दुखलं का" विचारतो. दुखतं. शिवाय माझ्या शेजारी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट असतो. खेळाडू विश्रांतीला आल्या की सगळ्या माझ्याकडे धावत येतात असं क्षणभर वाटतं. त्या पाण्याकडे येत असतात.

माझ्या जागी जी खेळते तिला आम्ही काडी म्हणतो. एकोणीस वर्षांची आहे, हात लांब, पाय त्याहून लांब, आणि पोरगी इतकी सडपातळ की जर्सी खुंटीला टांगल्यासारखी दिसते. मला ती 'कॅप्टन' म्हणते, अजूनही, जरी कॅप्टनच्या पट्टीचा मान आता दुसरीकडे गेलाय. तिच्यावर माझा राग नाही. वेग चांगला आहे. फक्त पाठीमागे चेंडू देताना ती आधी खांदा फिरवते, तेव्हा कुठे देणार ते शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळतं. मला हे तिला सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम. पण सातवा नियम: खेळाबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

दुसऱ्या सामन्यात तिने एक साधा चेंडू जाळ्यात घातला आणि मी डोळे मिटले. बस, इतकंच. पापणी खाली, पापणी वर. कॅमेरावाल्याने नेमकं तेच टिपलं. संध्याकाळपर्यंत ते अर्धं सेकंद सगळीकडे फिरलं. 'जळते बघा कशी.' 'इतकी वर्षं खेळली तरी मन मोठं झालं नाही.' एका बाईंनी तर लिहिलं की माझ्या पापण्यांवरूनच माझा स्वभाव कळतो. मॅनेजरने दुसऱ्या दिवशी विचारलं, "डोळे कोरडे पडतात का तुमचे? थेंब मागवू का?"

ज्याने आयुष्यात कधी काही गमावलेलं नाही, त्यानेच हे नियम लिहिले असणार. आपल्या जागेवर दुसऱ्याला बघणं म्हणजे काय असतं? आपल्याच घरात पाहुणे म्हणून बसायचं आणि 'वा, पडदे छान आहेत' म्हणायचं.

काडीवर माझा राग नाही, हे वर लिहिलंच आहे.

तुझी धाकटी


१९ डिसेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'पाय छातीच्या वर ठेव, बर्फ कपड्यातून लाव.' सात वर्षांनंतर दहा शब्दसुद्धा नाहीत. तरी बर्फ तसाच लावला, सूज उतरली.

कालचा पेपर सोबत पाठवतेय. आमच्या संघाच्या बातम्या लिहिणारा जो पत्रकार आहे, त्याने जुनं कपाट उपसलंय. तुला नकोसं होईल म्हणून मीच सांगते, त्यात काय आहे ते. तू कॅप्टन होतीस, मनगट मोडून बाकावर होतीस, आणि तुझ्या जागी मी, चोवीस वर्षांची. निर्णायक सेट चालू असताना तू उठून कोचवर ओरडलीस, "तिला काढा, तिचा खांदा गेलाय." मी मानेनेच नाही म्हटलं आणि खेळत राहिले. आपण जिंकलो. बाहेर आल्यावर ह्याच पत्रकाराने माझ्यापुढे माइक धरला आणि मी म्हणाले, "काही लोकांना बाकावर बसायला जमत नाही. आपल्या जागी दुसरं कुणी दिसलं की त्यांच्या पोटात दुखतं."

ते वाक्य त्याने काल चौकटीत छापलंय. शेजारी माझा मिटलेल्या पापण्यांचा फोटो. मथळा आहे, 'आता हिच्या पोटात दुखतंय का?'

मला इतका संताप आला की कुबडी फेकली आणि मग ती आणायला एका पायावर उड्या मारत गेले. सात वर्षांपूर्वीचं घरातलं भांडण चौकटीत टाकायचा त्याला काय अधिकार?

आईला फोन केला. ती म्हणाली, "पण तू ते बोलली होतीस ना?"

हो, बोलले होते. आणि त्यानंतर पाच महिने मला उजवा हात डोक्याच्या वर नेता येत नव्हता, हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी आईलाही बजावून ठेवलं होतं की सांगायचं नाही. तेव्हापासून माझी सर्व्हिस खालून असते. लोकांना ती माझी खास शैली वाटते.

हे आज का लिहिलं ते मला माहीत नाही. पेपर वाचलास की फाडून टाक.

तुझी धाकटी


९ फेब्रुवारी

ताई,

आता तू टीव्हीवर पाहिलंच असशील. सगळ्यांनी पाहिलं. तरी माझ्याकडून ऐक, कारण क्लब जे सांगतोय ते धडधडीत खोटं आहे.

उपांत्य सामना होता. हॉल गच्च भरलेला. मी बाकावर, चेन गळ्यापर्यंत. पहिल्या सेटमध्येच काडीचे चेंडू बुटके यायला लागले, जाळ्याच्या वर जेमतेम वीतभर. स्मॅश मारणाऱ्या मुली वैतागल्या. मला वाटलं, घाबरलीय. एवढा मोठा सामना, घाबरणारच. सेट गेला, पंचवीस-एकवीस. मी नियमाप्रमाणे टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या सेटमध्ये माझ्या लक्षात आलं. ती उडी मारत होती दोन्ही पायांवर आणि उतरत होती फक्त उजव्यावर. डावी टाच जमिनीला टेकतच नव्हती. उभी असतानाही डावा पाय नुसता ठेवल्यासारखा. मी आमच्या फिजिओकडे पाहिलं. ती क्रेटमधल्या बाटल्या मोजत होती, जणू त्या पळून जाणार होत्या.

"काडीच्या पायाला काय झालंय?" मी विचारलं.

"मला नका विचारू," ती म्हणाली. मग अगदी हळू, "सामन्याआधी इंजेक्शन दिलंय. मी नाही दिलं. वरून सांगितलं होतं."

मी उठले. कोच सर तीन पावलांवर होते. मी म्हटलं, "सर, काढा तिला. डावा पाय टेकत नाहीये."

"बसून घे," ते वळूनही न बघता म्हणाले.

"नडगीचं हाड आहे सर. एका उडीत जाईल."

"आपण एकोणीस-अठरा पुढे आहोत. बसून घे म्हटलं ना."

तेवढ्यात मॅनेजर मागून आला आणि कानाशी कुजबुजला, "मॅडम, कॅमेरा तुमच्याकडेच आहे." त्या क्षणी त्याने मला नववा नियम आठवून दिला असता तर मी कुबडीने काय केलं असतं, देव जाणे.

मी कडेच्या रेषेपाशी गेले. पंचांनी ताकीद दिली, मी हलले नाही. त्यांनी लाल कार्ड काढलं, म्हणजे पलीकडच्यांना एक गुण फुकट. एकोणीस-एकोणीस. आपल्याच लोकांनी माझी हुर्यो केली. मी तरीही रेषा ओलांडली, दोन कुबड्यांवर ठकठक करत मैदानात गेले आणि काडीच्या समोर उभी राहिले. ती रडत होती. "कॅप्टन, प्लीज," ती म्हणाली, "मला खेळू द्या. माझी एकच संधी आहे."

मी म्हटलं, "चल बाहेर."

पुढे खेळ थांबला, मला हॉलबाहेर काढलं, काडीला बदलावं लागलं. दुसरी सेटर संघात नव्हतीच, तेव्हा चेंडू उचलायला एक स्मॅश मारणारी मुलगी उभी केली. तिन्ही सेट गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा अंतिम सामना आपल्याशिवाय.

काडीचा एक्स-रे निघाला. नडगीला चीर आहे, लांब. डॉक्टर म्हणाले, अजून थोड्या उड्या मारल्या असत्या तर हाड आरपार गेलं असतं. हे क्लबने कुठेही सांगितलेलं नाही. त्यांनी सांगितलंय की 'एका ज्येष्ठ खेळाडूच्या बेशिस्त वर्तनामुळे' सामना हातचा गेला. आणि मला एक माफीनामा पाठवलाय, टाइप केलेला, खाली सहीसाठी टिंबं. सही नाही केली तर करार संपला.

सही करणार नाही. मरू दे तो करार. मुलीला सुई टोचून उभं करायचं आणि मला टाळ्यांचे नियम शिकवायचे? एकाही नियमात असं नव्हतं की शेजारची पोरगी मोडत असेल तर काय करायचं.

आणि ताई, आता मला तुझं कळलं. तेव्हा तू जळत नव्हतीस. तुला माझा खांदा दिसला होता. मी सगळ्या जगासमोर तुला मत्सरी ठरवलं आणि तू तोंडातून ब्र न काढता खेळ सोडून निघून गेलीस. माझी चूक झाली. हे मला सात वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

तुझी धाकटी


१६ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र वाचलं. दोनदा. माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या एका बाईंना मी अर्धा तास ताटकळत ठेवलं त्यापायी.

माफीनाम्यावर सही करू नकोस, हे बरोबर. इंजेक्शनचं एक्स-रेसकट लेखी दे, व्हॉलीबॉल संघटनेला. फिजिओ घाबरेल, तिला आधी विश्वासात घे.

आता माझ्याबद्दल. मला देवी करू नकोस. मी जळत होते. तुला चेंडू देताना बघून माझ्या घशाखाली अन्न उतरत नव्हतं. तुझा एक चेंडू चुकला की मला बरं वाटायचं आणि मग बरं वाटलं म्हणून आणखी वाईट वाटायचं. आणि तुझा खांदाही गेला होता. दोन्ही खरं होतं. खांदा मला दिसला आणि मी लगेच ओरडले नाही. मी स्वतःला विचारत बसले की हे मला खरंच दिसतंय की मला दिसायला हवंय म्हणून दिसतंय. त्यात सहा-सात गुण गेले. तेवढ्यात तू त्याच खांद्याने चार सर्व्हिस मारल्यास. तुझ्या खांद्याचं आईने मला त्याच महिन्यात सांगितलं होतं. मी खेळ सोडला तो तू माइकवर काही बोललीस म्हणून नाही. त्या चार सर्व्हिससाठी सोडला.

म्हणून एक विचारते. तू लिहितेस की पहिल्या सेटमध्ये चेंडू बुटके येत होते आणि तुला वाटलं ती घाबरलीय. तू बारा वर्षं सेटर आहेस. चेंडू बुटका आला की सेटर सगळ्यात आधी पाय बघते, हे मीच तुला शिकवलं. तुला चेंडू दिसला आणि पाय दिसला नाही, हे मला सांगू नकोस.

किती वेळ?

शनिवारी मी घरी असते. वाट बघत नाहीये, नुसतं सांगितलं.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी आधी ते चुरगळलं. रात्रंदिवस शिव्या खाणाऱ्या माणसाला असं विचारतात का? आपल्या बाजूचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, तेही वकिलासारखं उलटतपासणी करतंय. दोन दिवस तुझ्यावर मनसोक्त चिडून घेतलं. तिसऱ्या दिवशी सामन्याचं रेकॉर्डिंग लावलं.

पहिल्या सेटमध्ये आठ-सात असताना काडी पहिल्यांदा एका पायावर उतरली. कॅमेरा त्याच वेळी माझ्यावर गेलाय. मी तिच्या पायाकडेच बघतेय. आणि टाळ्या वाजवतेय. तिथपासून मी उठेपर्यंत एकतीस मिनिटं.

मी घाबरले नव्हते, मला शंकाही नव्हती. मला वाटत होतं, होऊ दे हिची फजिती. कळू दे सगळ्यांना, मी नसले की काय होतं. एवढंच मनात होतं, ताई. हाड वगैरे नंतर आलं. आणि त्या एकतीस मिनिटांत मी अकराच्या अकरा नियम पाळले. चेहरा पाडला नाही, बोलले नाही, हसलेसुद्धा. मॅनेजरने शाबासकीचा अंगठा दाखवला होता.

रविवारी काडीकडे गेले. ती तिच्या आईबरोबर शिवणाच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहते. पाय प्लॅस्टरमध्ये, उशीवर. आई खिडकीपाशी कपड्यांना इस्त्री करत होत्या, लोकांचे कपडे, घडीवर घडी. मला बघून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून माझ्या मुलीचा पाय वाचला. लोक काहीही बोलोत."

तिथेच गप्प बसून चहा पिऊन येता आलं असतं. माझी तशी इच्छाही होती. पण तुझं पत्र पर्समध्ये होतं.

मी म्हटलं, "मला पहिल्या सेटलाच दिसलं होतं. मी बोलले नाही."

काडी माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. म्हणाली, "माहितीये मला. तुम्ही पायाकडे बघत होतात ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, आता कॅप्टन बोलणार. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं, फार काही नसेल. म्हणून मग मी जोरात उडी मारायला लागले."

आईंनी इस्त्री उभी करून ठेवली. बराच वेळ त्या एकाच सदऱ्याची कॉलर हाताने सारखी करत होत्या. जा म्हणाल्या नाहीत. चहाचंही परत विचारलं नाही.

मी जायला उठले, पण तीन मजले एका पायाने चढून आले होते, गुडघ्याने नकार दिला. परत बसावं लागलं. माफी मागायला जाऊन वर त्यांच्याच खुर्चीत अडकून पडणं, ह्याहून लाजिरवाणं काही असेल तर मला माहीत नाही. काडीने टीव्ही लावला. अंतिम सामना त्याच दुपारी होता. आम्ही तिघींनी तो पाहिला. तिसऱ्या सेटला ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही सेटर उशिरा उडते."

"हो," मी म्हटलं. "आणि पाठीमागे देताना आधी खांदा फिरवते."

"तो मीपण फिरवते."

"फिरवतेस."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?" ती म्हणाली. ह्या खेपेला तिचा आवाज चढला होता, आणि तो चढायलाच हवा होता.

 सातव्या नियमाचं नाव घ्यायची मला लाज वाटली.

काल संघटनेला चार पानं लिहून दिली. इंजेक्शनचं लिहिलंय, मॅनेजरचं, सरांचं. फिजिओने स्वतःहून सही केली. शेवटी माझी एकतीस मिनिटंही लिहिली. आमच्या ओळखीचे वकील म्हणाले, हा परिच्छेद काढा, तुमचीच बाजू लंगडी पडते. काढला नाही. क्लबचा करार आज सकाळी संपला, मॅनेजरने गोड आवाजात फोन करून कळवलं. त्याला मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, भेटीत सांगेन.

शनिवारी सकाळच्या बसने निघतेय. दुपारपर्यंत पोचेन. तुझ्याकडे जिना असेल तर आधी कळव, गुडघा अजून पुरता वाकत नाही.

धाकटी